विहारनौका कोणाच्या मालकीच्या?

श्रीमंतांच्या चैनीचे उदाहरण द्यावयाचे झाले की सभांतून आणि शिबिरांतून वक्त्याच्या तोंडी हटकून विहारनौका येते. पांढरीशुभ्र नौका, तिच्या कठड्याशी रेललेला कारखानदार, त्याच्या हाती पेला आणि खाली यंत्रघरात घामाने निथळणारा खलाशी! चित्र परिणामकारक आहे, आणि ते खोटे आहे असेही नाही. थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये रिकामटेकड्या वर्गाची मीमांसा केली, तेव्हा वेळ उघडउघड वाया घालविता येणे हीच प्रतिष्ठेची खूण कशी बनते हे त्याने दाखविले होते. त्या मीमांसेला आजही बाध आलेला नाही.

परंतु हे चित्र अपुरे आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमभोवतालच्या बेटांत, इंग्लंडच्या दक्षिणेकडील खाड्यांत किंवा फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात वसंत ऋतूच्या आरंभी धक्क्यावर फेरी मारणाऱ्यास निराळेच दृश्य दिसते. हिवाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या लहान लहान होड्या उघडल्या जात असतात. कोणी तळ खरवडतो आहे, कोणी वार्निश चढवितो आहे, कोणी शिडाचा उसवलेला कोपरा शिवतो आहे. या होड्यांचे मालक कोण? सुतार, वीजतंत्री, बसचालक, शाळामास्तर, रुग्णालयातील परिचारिका, टपालखात्यातील कारकून, जहाजबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर. त्यांच्यात डॉक्टर आणि वकील नसतात असे नाही; पण होडी पाण्यात ढकलताना वेल्डरच्या शेजारी त्यांनाही खांदा लावावा लागतो.

मग प्रश्न असा की, एका देशात सुताराच्या दारी दिसणारी वस्तू दुसऱ्या देशात केवळ धनिकाच्या मिरवणुकीची खूण का होऊन बसते? होडी ही स्वभावतः चैनीची वस्तू नाही. शीड, वल्हे आणि सुकाणू ही कोळ्याची हत्यारे आहेत. श्रीमंतांच्या हाती ती फार उशिरा गेली. होडीला चैन बनविणाऱ्या गोष्टी तीन आहेत : कामगाराला रजा नसणे, रजा मिळालीच तर वेतन न पुरणे, आणि किनारा दुसऱ्याच्या मालकीचा असणे. तिन्ही राजकारणाने घडतात. युरोपात त्या काही अंशी मोडल्या गेल्या त्यादेखील राजकारणानेच. ज्या बाजारव्यवस्थेची स्तुतिस्तोत्रे हल्ली गायिली जातात, तिने आपण होऊन सुताराला पाण्यावर नेले असा एकही दाखला नाही.

भिंत किती उंच होती हे पाहण्यासारखे आहे. टेम्स नदीवरील हेन्ले येथील नौकाशर्यतींच्या चालकांनी १८७९ मध्ये हौशी वल्हेकऱ्याची व्याख्या ठरविली. तीत यंत्रकारागीर, हस्तकारागीर आणि मजूर यांना नावानिशी वगळण्यात आले. पैसे घेऊन शर्यत खेळणाऱ्या धंदेवाइकाला वगळले असते तर ते समजण्याजोगे होते. येथे अपात्रता होती ती हाताने काम करून पोट भरण्याची! समर्थन काय, तर अंगमेहनतीने मजुराचे स्नायू बळकट झालेले असतात, म्हणून सद्गृहस्थांवर अन्याय होतो. म्हणजे आयुष्यभर कष्ट उपसायचे मजुराने, आणि त्या कष्टांचा गैरफायदा घेतो म्हणून आरोपीही त्यानेच व्हायचे. पाणवठ्यावर सोवळे पाळण्याची कला केवळ हिंदुस्थानातच विकसित झाली होती असे मानणाऱ्यांनी हा नियम अवश्य वाचावा.

या सोवळ्याचे बळी नामांकित आहेत. फिलाडेल्फियाच्या जॉन केली या गवंड्याची प्रवेशिका १९२० मध्ये हेन्लेने नाकारली. त्याच्या क्लबावर जुनी बंदी होती हे एक कारण, आणि त्याने विटा रचल्या होत्या हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिक स्पर्धेत केलीने एकेरी वल्ह्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले आणि हेन्लेच्या त्या वर्षीच्या विजेत्याला मागे टाकले. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ऑलिंपिक संघ हेन्लेला आला, तर त्यातील गडी पोलीस शिपाई होते म्हणून त्यालाही मज्जाव! इतकी शोभा झाल्यावर १९३७ मध्ये तो नियम गेला. शिडाच्या नौकांच्या जगात पाटी लावलेली नव्हती, पण रीत तीच. ग्लासगोच्या गरीब घरात जन्मून किराणा आणि चहाच्या धंद्यात कोट्यधीश झालेल्या सर टॉमस लिप्टनने अमेरिका चषकासाठी १८९९ ते १९३० या काळात पाच वेळा नौका उतरविल्या. राजाचा स्नेह त्याने संपादन केला. पण काउसच्या रॉयल यॉट स्क्वाड्रनने त्याला सभासद करून घेतले ते १९३१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी. दुकानदाराला, मग तो कितीही गब्बर असो, इतके थांबावे लागले. लिप्टनसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. जेथे त्याची ही गत, तेथे त्याच्या गोदामातील हमालाचा विचारही कोणाच्या मनाला शिवला नसेल, एवढाच मुद्दा.

भिंतीला पहिले मोठे भगदाड पाडले ते संपाने. १९३६ च्या वसंतात फ्रान्समध्ये लोकआघाडी निवडून आली आणि लाखो कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले. त्या रेट्याखाली जूनमध्ये चाळीस तासांचा आठवडा आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा हे कायदे झाले. लिओ लाग्रांज या तरुण समाजवाद्याकडे क्रीडा आणि फुरसत यांचे खाते सोपविण्यात आले. उजव्या वृत्तपत्रांनी त्याला आळसाचा मंत्री ही पदवी बहाल केली! ज्यांची सारी हयात फुरसतीत गेली, त्यांना कामगाराची दोन आठवड्यांची फुरसत हा आळस वाटला. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला.

महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यातून आलेले फिलिप आणि एलेन व्हियाने या दांपत्याने ब्रिटनीजवळच्या ग्लेनाँ बेटांवर एक केंद्र उघडले. युद्धाने होरपळलेल्या तरुणांसाठी सुरू झालेल्या या केंद्रातून युरोपातील एक मोठी नौकानयनशाळा उभी राहिली. या शाळेच्या गरजेतून झाँ-झाक एर्ब्युलो याने १९५१ च्या सुमारास प्लायवुडची एक साधी होडी आखली. दोन सायकलींच्या किमतीत बसेल अशी ती असावी ही अपेक्षा होती. नाव ठेवले ‘व्होरियँ’, म्हणजे उनाड, कवडीमोलाचा! जुन्या क्लबांतील प्रतिष्ठितांना हे नाव झोंबले असल्यास नवल नाही.

स्वीडनची कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे रजा, नौका आणि किनारा या तिन्ही प्रश्नांना हात घातला गेला. सोशल डेमोक्रॅटिक सरकारच्या काळात १९३८ मध्ये दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. १९५१ मध्ये ती तीन, १९६३ मध्ये चार आणि १९७८ मध्ये पाच आठवड्यांची झाली. रजा आली तशी होडीची मागणी आली. १९४० च्या दशकारंभी, सभोवती युद्धाचा वणवा पेटलेला असताना, स्कँडिनेव्हियातील नौकानयन संघटनेने सामान्य कुटुंबाला परवडेल अशा नौकेच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली. एकाही आराखड्याला पहिले बक्षीस मिळाले नाही. मग समितीने अनेकांतील चांगले गुण निवडले आणि तूर्द सुंदेन याच्याकडून त्यांचा एक आराखडा करून घेतला. हीच ‘फोल्कबोट’, लोकांची नौका. साडेसात मीटरांहून थोडी लांब, एकावर एक फळी चढवून बांधलेली, आडदांड हवेलाही न डरणारी. अशा चार हजारांहून अधिक नौका पुढे बांधल्या गेल्या. प्रतिभा एकट्याची आणि लाभ बाजाराचा या सिद्धांताच्या भक्तांनी ही जन्मकथा सहसा सांगितलेली आढळत नाही.

इंग्लंडमध्ये हेच काम वीस वर्षांनी झाले, आणि तेही एका वृत्तपत्राने केले. कामगारवस्तीत खपणाऱ्या व मजूर पक्षाकडे झुकलेल्या ‘डेली मिरर’ने १९६३ च्या आरंभी लंडनच्या नौकाप्रदर्शनात एक होडी मांडली. घरगुती सुतारकाम दूरचित्रवाणीवरून शिकविणारा बॅरी बकनेल आणि नौकारचनाकार जॅक होल्ट हे तिचे जनक. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. त्या काळच्या पुरुष कामगाराच्या साधारण चार आठवड्यांच्या मजुरीएवढी. सुटे भाग घरी आणायचे, प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेचे टाके घालून एकमेकींना जोडायच्या, सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची, की होडी तयार. जहाजबांधणीची विद्या नको, मोठी कार्यशाळा नको; मागच्या अंगणात किंवा बैठकीच्या खोलीतही काम होई, आणि मग ती दारातून बाहेर कशी काढायची ही विवंचना घरातील मंडळींनी करायची. वृत्तपत्राने हे धर्मार्थ केले नाही. त्याला खप हवा होता. पण लाल शिडाच्या या होड्या सत्तर हजारांवर गेल्या आणि त्यांनी शिक्षकाला, छापखान्यातील जुळाऱ्याला, गिरणीतील जोडाऱ्याला पाण्यावर आणले. स्वतःच्या हाताने बांधलेली होडी ही विकत घेतलेल्या होडीहून वेगळी वस्तू असते. तिच्यात मालकाचे श्रम असतात, दुसऱ्याचे लुबाडलेले नव्हेत.

तथापि रजा आहे, होडीही आहे, आणि किनाऱ्यावर तारेचे कुंपण आहे, तर काय करायचे? स्वीडनने याचे उत्तर कायद्याने दिले. रानात, बेटांवर, कोणाच्या घराला उपद्रव न देता हिंडण्याचा, होडी लावून एखादी रात्र काढण्याचा हक्क तेथे परंपरेनेच सर्वांना आहे. पण किनारे बंगल्यांनी भरून गेले तर तो हक्क कागदावरच राहणार, हे ओळखून १९५० च्या दशकारंभी किनारा-संरक्षणाचे कायदे झाले आणि १९७५ मध्ये देशभर काठापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला सर्वसाधारण बंदी आली. नगरपालिकेच्या जागेवर उभे असलेले नौकाक्लब बहुतांशी सभासदांच्या श्रमांवर चालतात : धक्क्याची डागडुजी सामाईक, होड्या वर काढण्याचे काम सामाईक, रात्रीच्या पहाऱ्याची पाळीही सभासदांनीच करायची. होडी खासगी मालमत्ता आहे म्हणून समाजवाद्याने तिच्याकडे पाहू नये, असे म्हणणाऱ्या मित्रांनी या पहाऱ्याच्या यादीचे मनन करावे. होडी एकेकाची, पण ती तरंगती ठेवणारी सारी व्यवस्था सर्वांची.

जे मिळविले ते आपोआप टिकत नाही. इंग्लंडचे कालवे याची साक्ष देतात. १९४८ मध्ये ते राष्ट्राच्या मालकीचे झाले. त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या माल वाहणारी कुटुंबे अरुंद नौकांतच राहत. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि १९६३ मध्ये सरकारी महामंडळाने बहुतेक मालवाहतूक बंद केली. त्या कुटुंबांची रोजी आणि घर एकदमच गेले. पुढे त्याच कालव्यांवर हौशी लोकांच्या नौका आल्या, आणि अलीकडे तर लंडनचे घरभाडे न झेपणारे शिक्षक, परिचारिका, सुतार, नाट्यगृहातील कामगार नौका घेऊन तीतच संसार करू लागले आहेत. हौस आणि निवारा यांतली सीमारेषाच पुसली गेली. कायमची जागा नसलेल्या नौकेने एका ठिकाणी चौदा दिवसांहून अधिक राहू नये असे १९९५ चा कायदा सांगतो. म्हणजे दर पंधरवड्याला घर हलवायचे. मुलाची शाळा आणि आईची नोकरी मात्र जागच्या जागी! २०१२ मध्ये कालव्यांचा कारभार सरकारने एका धर्मादाय न्यासाकडे सोपविला. त्या न्यासाने अशा फिरत्या नौकांवर एप्रिल २०२४ पासून परवानाशुल्काचा अधिभार बसविला आहे, आणि न्यासाला मिळणारे सरकारी अनुदान २०२७ पासून उतरते राहणार हे आधीच जाहीर झाले आहे. अनुदान आटले की तूट कोणाच्या खिशातून भरून निघणार हे सांगण्याची आवश्यकता नाही.

एक आक्षेप भांडवलदारांच्या बाजूने येतो, त्याचीही वासलात लावलेली बरी. अमेरिकेत १९९१ पासून एक लाख डॉलरांवरील नौकांच्या त्या मर्यादेपुढील किमतीवर दहा टक्के चैनकर लागला. नौकाबांधणीच्या कारखान्यांतून कामगार कमी झाले, धनिकांवर कर बसविला की गरिबाचाच रोजगार जातो असा गिल्ला झाला आणि १९९३ मध्ये कर रद्द झाला. त्याच सुमारास मंदी होती हे सोयीस्करपणे विसरले जाते. पण कर हेच कारण होते असे मानले तरी त्यातून काय सिद्ध होते? हजारो सुतारांची चूल मूठभरांच्या लहरीवर पेटते, एवढेच. व्यवस्थेवरचा हा आरोप तिच्या वकिलांनीच सिद्ध करून दिला याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता मुंबईकडे वळावे. येथील यॉट क्लब १८४६ चा; ब्रिटिश अमदानीत त्यात हिंदी माणसाला सभासद म्हणून स्थान नव्हते. गोरा साहेब गेला, पाण्यावरची उतरंड राहिली. गेटवेसमोर नांगरलेल्या खासगी नौकांवर मालक शनिवारी येतो. तांडेल आणि खलाशी मात्र तेथे आठवडाभर असतात. भरती-ओहोटी त्यांना कळते, खडक त्यांना ठाऊक असतात, वाऱ्याचा रंग पाहून परत फिरायचे केव्हा हे तेच ठरवितात. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाडवडिलांच्या मचव्यांवर शिकलेली ही विद्या ते पगारापोटी विकतात, आणि मालकाचा रविवार हीच त्यांची कामाची पाळी असते. विहारनौकांचा विचार करताना यांच्या साप्ताहिक सुट्टीचा, विम्याचा, भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न कोणत्या संघटनेच्या पटावर आहे?

किनाऱ्याची स्थिती याहून गंभीर आहे. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत बांधकामाला मनाई होती. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी हे अंतर पन्नास मीटरांवर आणले. कोळ्यांना घरे बांधता यावीत ही मागणी न्याय्यच होती, आणि तिला बंदीत अपवाद करून न्याय देता आला असता. अपवादाऐवजी बंदीच आखडली. स्वीडनसारख्या विरळ वस्तीच्या देशाला शंभर मीटर आवश्यक वाटले. येथे पन्नास पुरेसे ठरले! मांडवा-अलिबागच्या पट्ट्यात बंगल्यांच्या भिंती वाढत आहेत आणि समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा अरुंद होत आहेत. गोव्यात झुआरीच्या काठी नावशी येथे विहारनौकांच्या बंदराचा प्रकल्प आला, तेव्हा मच्छीमारांनी त्याला विरोध केला. जेथे त्यांची होडी लागते आणि जाळे पडते तेच पाणी त्या प्रकल्पाला हवे होते. अशा प्रकल्पांना विरोध करताना, आम्हाला सागरविहारच नको, एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. धक्का सार्वजनिक हवा, त्यावर पहिला हक्क कोळ्याच्या होडीचा हवा, शाळेतील मुलांना वल्हे आणि शीड शिकविणारी नगरपालिकेची नौका तेथे हवी, दोनशे मीटरांची मनाई पुन्हा हवी, ही मागणी त्याच दमात करावी लागेल. ती न केल्यास समुद्रावरचा आनंद हा विकासकाच्या जाहिरातीचा विषय होऊन बसेल; किंबहुना तसा तो झालाच आहे.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील, जेथे दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे तेथे रजेच्या आणि होडीच्या गोष्टी कशाला? हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, पण कामगाराच्या मनाला तो ओळखत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस. तीही नोंदलेल्या कारखान्यांपुरती; शेतमजूर, घरकामगार, बिगारी आणि तो गेटवेसमोरचा खलाशी यांतले बहुसंख्य तिच्या बाहेरच राहिले. गिरणगावातील चाकरमान्याचे हे पंधरा दिवस गणपती, शिमगा, भाताची लावणी आणि घरातले आजारपण यांत वाटले जात. गणपतीला दोन दिवस अधिक राहिले तर पगार कापला जाई, आणि त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा असे. हे सारे ठाऊक असूनही भाद्रपद जवळ आला की भाऊच्या धक्क्यावर वळकट्या, ट्रंका आणि पोरेबाळे यांची रीघ लागे आणि कोकणबोटीच्या डेकवर पाय ठेवायला जागा उरत नसे.